नितळ साचा

मगदुमांच्या घराचा उंबरा आजवर अंड्यानंही ओलांडला नव्हता, आणि त्यांची एकुलती एक मुलगी नॉर्वेच्या माशांवर पगार मिळवत होती. सांगलीत विश्रामबागेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी टेबल लावून ऋजुता बसायची आणि बर्फातला मासा कोणत्या गाडीनं कोणत्या बंदरात कधी पोचायचा, ते ठरवायची. देवळात कुणी विचारलं की तिची आई सुनंदाबाई सांगायच्या, "ट्रान्सपोर्टमध्ये आहे." खोटं नव्हतं ते. कशाचा ट्रान्सपोर्ट, असं पुढं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही ते आपण होऊन सांगायचं नाही, हा त्या घरचा जुना शिरस्ता होता.

हाच शिरस्ता आणखी एका बाबतीत पाळला जायचा. ऋजुता सातवीत असताना तिच्या डाव्या डोळ्याखाली पांढरा ठिपका उमटला. कॉलेजात जाईपर्यंत तो गालावरून हनुवटीपर्यंत उतरला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, हे कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, मुलगी ठणठणीत आहे. पण घरात त्याला नाव नव्हतं. आई 'ते' म्हणायची. बाहुबलीमामा 'स्किनचं' म्हणायचे. वडील होते तोवर काहीच म्हणायचे नाहीत, नुसते त्या गालावरून हात फिरवायचे. 'कोड' हा दोन अक्षरी शब्द त्या चार भिंतींत कुणी उच्चारला नव्हता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी पिनकोड म्हणालं तरी ऋजुताचा हात गालाकडं जायचा.

स्थळं यायची, शिरा-उप्पीट खायची, कळवतो म्हणायची आणि कळवायची नाहीत. मग बाहुबलीमामांनी निपाणीच्या चौगुल्यांचं स्थळ आणलं. मामांचं नाव बाहुबली असलं तरी गॅसची टाकी सरकवायला ते शेजाऱ्याला हाक मारत. स्थळं आणण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलगा सन्मती. खंबातच्या आखातात, भर समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर. तिथल्या लोखंडी फलाटावर माणूस एकदा चढला की काही महिने किनारा बघत नाही, म्हणून बघण्याचा कार्यक्रम फोनवरच झाला.

पहिल्या कॉलला ऋजुतानं मुद्दाम पावडरही लावली नाही. डावा गाल खिडकीच्या उजेडाकडं करून बसली. काय ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं तिच्या मनात होतं. सन्मतीनं तिच्याकडं शांतपणे बघितलं, थोडा थांबला आणि म्हणाला, "माशांची गाडी चुकली तर बोलणी कोण खातं? तुम्ही की मासे?"

ती हसली. त्या दिवशी गालाचा विषय निघाला नाही. दुसऱ्या कॉलला नाही, तिसऱ्यालाही नाही. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की तो निघणारच नाही. याला दिसतंय आणि याला त्याचं काही नाही. असा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. सन्मतीचं बोलणंही तिला आवडायचं. प्रत्येक वाक्याआधी तो क्षणभर थांबायचा, विचार करायचा, मग नेमकं बोलायचा. एकदा तो म्हणाला होता, "तुमच्याशी बोलायला बरं वाटतं. तुम्ही मध्ये बोलत नाही." तिला ते कौतुक जरा अजब वाटलं, पण गोडही वाटलं. त्याची आई विमलाबाई एकदा कॉलवर आल्या, तेव्हा अभिमानानं म्हणाल्या होत्या, "समुद्रावर गेल्यापासनं पोरगं किती सुधारलंय बघा." तब्येतीचं म्हणत असतील, असं ऋजुतानं धरून चाललं.

"आई, त्याला काहीच वाटत नाही बघ," ती एकदा म्हणाली.

सुनंदाबाई गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मग तू कशाला विषय काढायलीस? वाटंना तर वाटून देऊ नको."

तेव्हा ऋजुताला हे शहाणपणाचं बोलणं वाटलं.

आता इथं थोडं थांबून, त्या काळात फोनवर माणूस दिसायचा म्हणजे काय व्हायचं ते सांगायला हवं. कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

पूर्वी व्हिडिओ कॉलमध्ये चित्र जायचं. क्षणाला पंचवीस-तीस चित्रं, एकामागून एक. नेट मंद झालं की चित्र अडायचं, चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की चित्र पाठवायचंच कशाला? माणसाचा चेहरा काही रोज बदलत नाही. एकदाच त्याचा नीट साचा घ्यावा, तो फोन कंपनीच्या केंद्रात ठेवावा, आणि कॉल चालू असताना फक्त हालचालीचे आकडे पाठवावेत: भुवई इतकी वर, ओठ इतके उघडे, मान इतकी डावीकडं. पलीकडचं केंद्र त्या आकड्यांवरून साच्यातला चेहरा हलवतं. आवाजाचंही तेच. शब्द आणि सूर पाठवायचे, पलीकडं आवाज नव्यानं घडवायचा. यात इतका कमी डेटा लागायचा, की भर समुद्रातला माणूससुद्धा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा दिसायचा. आणि आपल्या घरात आरशात दिसावा तसा ज्याचा त्याला स्वतःचा चेहरा दिसायचा. पलीकडं आपण कसे दिसतो, ते मात्र कुणालाच बघता यायचं नाही. कुणाला बघावंसंही वाटलं नाही.

साचा म्हटला की घासूनपुसून घेणं आलंच. आपल्याकडं तो दोन प्रकारचा मिळायचा. एक 'जसाच्या तसा' आणि दुसरा 'नितळ'. नॉर्वेनं मात्र अशा घासणी-पुसणीविरुद्ध कडक कायदा केला होता. तिथल्या केंद्रावरून जाणाऱ्या कॉलमध्ये साचा चालत नसे, खरंखुरं चित्र आणि खराखुरा आवाज जायला हवा. एक टोक जरी नॉर्वेत असलं तरी नियम दोन्ही टोकांना लागू, आणि आजवर कुठं काय पुसलं गेलं, तेही दोन्हीकडच्यांना सांगायचं.

ऋजुताच्या फोनला ऑफिसनं व्हीपीएन घालून दिला होता. घरात त्याला 'बोगदा' म्हणत. बोगदा चालू केला की फोनचं सगळं येणं-जाणं त्यातून व्हायचं आणि जगाच्या दृष्टीनं तो फोन नॉर्वेत असायचा. पाय सांगलीत, पत्ता नॉर्वेत. यात अडचण एकच होती. बोगदा चालू असताना फोनमधलं चित्र टीव्हीवर लावायला गेलं की टीव्ही सापडायचा नाही. फोन बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून मगदुमांचा टीव्ही शोधायचा, तो तिकडं कुठला असायला? "बोगदा बंद कर गं, टीव्ही दिसंना," हे वाक्य सुनंदाबाईंनासुद्धा पाठ झालं होतं. ऑफिस संपलं की बोगदा बंद, मग सन्मतीचा कॉल, असाच रोजचा क्रम होता.

साखरपुड्याची बोलणी निघाली त्याच आठवड्यात ऑफिसच्या मंडळींनी बोगद्यात एक सोय केली. लोकांना घरचा प्रिंटर वापरता यावा म्हणून घरातली उपकरणं बोगद्यातून वगळली. बाकी सगळं नॉर्वेतून, घरातलं तेवढं घरातल्या घरात. प्रिंटर वगळला तसा टीव्हीही वगळला गेला.

शनिवारी दुपारी साखरपुड्याची तारीख काढायची होती. दिवस मावळायच्या आत दोन्हीकडची जेवणं व्हायला हवीत, म्हणून कॉल चारचा ठरला. सुनंदाबाईंनी शिरा केला होता. मामांनी टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या. माथ्यावर कॅमेरा असलेल्या त्या टीव्हीनं हॉलची जवळजवळ अर्धी भिंत अडवली होती. भिशी लागली तेव्हा घेतलेला, आणि घेतल्यापासून त्यावर देवळातले कार्यक्रमच जास्त बघितलेले. ऋजुता अजून टेबलाशी होती. कुठल्यातरी बंदरात मासे अडकले होते.

"आण इकडं तो फोन," मामा म्हणाले. "मी लावतो."

त्यांनी फोन घेतला, बटण दाबलं, टीव्ही लागला. बोगदा चालू असताना टीव्ही सापडला कसा, असं ऋजुताच्या क्षणभर मनात आलं. मग तिला नवीन सोय आठवली. बरं झालं, पुन्हा पासवर्ड टाकायला नको, असं म्हणून ती ओढणी सारखी करत सोफ्यावर येऊन बसली.

टीव्हीवर दोन चौकटी उघडल्या. एकीत निपाणीचं घर आणि विमलाबाई. दुसरीत एक माणूस होता.

ऋजुताला आधी वाटलं, कॉल भलतीकडं लागला. सन्मतीच्या मागं नेहमी लाकडी फळी आणि त्यावर पुस्तकं असायची. इथं गंजाचे ओघळ आलेला पत्रा होता आणि त्यासमोर दोरीवर बनियन वाळत होते. समोरचा माणूस उन्हानं रापलेला, डोळे तांबारलेले, केस समुद्राच्या वाऱ्यानं राठ झालेले. चित्र अडखळत होतं. पण नाक सन्मतीचं होतं, आणि शर्टही त्यानं काल सांगितलेला निळाच होता.

टीव्हीच्या तळाशी एक पट्टी आली. नॉर्वेच्या सरकारी मराठीत लिहिलं होतं: "खरे चित्र, खरा आवाज. यापूर्वीच्या कॉलमधील दुरुस्त्या काढल्या आहेत. मगदूम: चेहऱ्याची त्वचा. चौगुले: वाणी."

ऋजुतानं ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. इतक्या मोठ्या टीव्हीवर, इतक्या ठळक अक्षरांत, की चष्मा नसताना मामांनाही वाचता आलं.

दुरुस्त्या. चेहऱ्याची त्वचा. मगदूम म्हणजे ती. म्हणजे आजवर, म्हणजे पहिल्या दिवसापासून. खिडकीकडं गाल करून बसलेली ती मुलगी तिला आठवली आणि तिची कीव आली. याला दिसलंच नव्हतं. याला काही वाटत नव्हतं, कारण वाटण्यासारखं याच्यासमोर काही आलंच नव्हतं. ज्या गप्प बसण्यावर तिनं जीव लावला होता, ते गप्प बसणं नव्हतंच.

पलीकडं सन्मती पडद्याच्या जवळ आला होता. तो तिच्या गालाकडं बघत होता. डोळ्याखालून निघून हनुवटीपर्यंत त्याची नजर उतरली, आणि ती उतरताना ऋजुताला ती गालावर जाणवली.

"अगं बाई," विमलाबाई म्हणाल्या. "हे काय आणि?"

ऋजुता आईकडं वळली. सुनंदाबाई शिऱ्याच्या वाट्या भरलेला ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या टीव्हीकडं बघत नव्हत्या, मुलीकडंही नाही. ट्रेमधल्या चमच्यांकडं बघत होत्या. सगळं तिथंच कळलं.

"आई, साचा करायला आपण दोघी गेलो होतो," ऋजुता म्हणाली. "मी बाहेर गाडी लावत होते."

"त्या दुकानातल्या पोरानं विचारलं," सुनंदाबाई चमच्यांना सांगितल्यासारखं म्हणाल्या. "नितळ करू काय म्हणाला. फोटो स्टुडिओत विचारतात की तसंच. लग्नाच्या फोटोत सगळेच करतात. मी हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं गं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

इतक्यात सन्मतीनं बोलायला तोंड उघडलं, आणि खोलीतल्या सगळ्यांचं बोलणं थांबलं.

"को," तो म्हणाला. "को... को... को..."

त्याचा जबडा अडकला होता. मानेची शीर ताठ झाली, डोळे घट्ट मिटले, हात टेबलाच्या कडेला रुतला. शब्द घशाच्या दारात अडकला होता आणि तो सगळ्या अंगानं त्याला बाहेर ढकलत होता. ऋजुतानं असं कधी बघितलं नव्हतं. पट्टीवरचा 'वाणी' हा शब्द तिला आता समजला. यंत्राच्या हिशेबी पुन्हा पुन्हा येणारं अक्षर म्हणजे नेटचा बिघाड. ते निमूटपणे काढून टाकत होतं, आणि मधल्या वेळात तोंड वेडंवाकडं दिसू नये म्हणून विचारात पडलेला चेहरा काढत होतं. तिला आवडायचा तोच. बोलण्याआधी विचार करणारा माणूस यंत्रानं रंगवला होता.

"परत लागलं होय रे तुला?" विमलाबाई कळवळून म्हणाल्या. "फोनवर किती छान बोलायला लागला होतास. मी सगळ्या गल्लीला सांगितलं, समुद्राची हवा मानवली म्हणून."

"तोतरा आहे की गं पोरगा," मामा सुनंदाबाईंच्या कानाशी म्हणाले. ते कुजबुजणं निपाणीपर्यंत ऐकू गेलं.

"आणि तुमची पोरगी ओ?" विमलाबाईंनी तिथल्या तिथं परतफेड केली. "काय म्हणायचं सांगा की याला. चार महिने फसवलं आम्हाला."

"आम्हाला काय कमी फसवलंय तुम्ही?" मामा म्हणाले.

"को... को..." सन्मतीचं चालूच होतं.

त्या अक्षराचं पुढं काय होणार, ते ऋजुताला ठाऊक होतं. खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. इतकी वर्षं ज्या शब्दाला त्या घरात बंदी होती, तो टीव्हीवरच्या माणसाच्या ओठांवर येऊन थटला होता, आणि पुढं सरकत नव्हता, मागंही जात नव्हता. सरळ अंगावर पडला असता तर बरं झालं असतं. सुनंदाबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

विमलाबाईंना राहवलं नाही. लहानपणापासून त्या लेकाची वाक्यं पुरी करत आल्या होत्या. "कोड म्हणायलाय तो," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे त्याचं. कोड आहे पोरीला, सांगायला नको होय आधी?"

शब्द खोलीत पडला. काही कोसळलं नाही. पंखा फिरत होता, शिऱ्यावरचं तूप थिजत होतं. सन्मती मात्र जोरजोरानं नकाराची मान हलवत होता, आणि आई बोलायला लागल्यापासून त्याचा हात हवेत उठलेला होता. ऋजुतानं तो हात बघितला. असा हात तिनं कधीच बघितला नव्हता, पण तो काय म्हणतोय ते तिला नीट कळलं. तुम्ही मध्ये बोलत नाही, असं तो एकदा म्हणाला होता.

"काकू, थांबा," ती म्हणाली. "त्यांचं वाक्य आहे. त्यांना पुरं करू दे."

विमलाबाई गप्प झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच झाल्या असाव्यात.

मग सगळे थांबले. असं थांबणं किती अवघड असतं, ते थांबल्याशिवाय कळत नाही. ऋजुताला नजर खाली न्यावीशी वाटत होती, काहीतरी बोलून टाकावंसं वाटत होतं. तिनं दोन्ही केलं नाही. त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं डोळे उघडले, एक श्वास सोडला, आणि शब्द सुटला.

"को... कोणी पुसलं?"

सुनंदाबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

ऋजुताच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कंपनीनं पुसलं, यंत्रानं पुसलं, आपोआप झालं. आई वाचली असती, तिचीही मान राहिली असती. तेही नितळच झालं असतं. ती बोलायच्या आत सुनंदाबाई दारातून दोन पावलं पुढं आल्या.

"मी पुसलं," त्या म्हणाल्या. "तिला ठाऊक नव्हतं. ती बिचारी गाल दाखवत बसायची आणि मी आत उभी राहून बघायची."

त्या तिथंच खुर्चीत बसल्या. ऋजुताला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं नाही, आणि तसं न वाटण्याचंही तिला भयंकर वाटलं.

सन्मतीनं मान डोलावली. मग त्याची नजर तळाच्या पट्टीवर गेली असावी, कारण तो वाकून वाचू लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला. साचा असता तर हे उतरणं तिला दिसलंच नसतं.

"वा... वाणी म्हणजे," तो म्हणाला. "म्हणजे मा... माझं हे तुम्हाला... ऐकू..."

"येत नव्हतं," ऋजुता म्हणाली. "आज पहिल्यांदा ऐकतेय."

"म्हणजे तु... तुम्ही थां... थां..."

तो शब्द तिला दिसत होता. पुरवणं सोपं होतं. तिनं पुरवला नाही.

"...थांबत नव्हता?"

काय सांगायचं? त्यानं जीव लावला होता तो तिच्या थांबण्यावर. चार महिने कुणीतरी आपलं अडखळणं शेवटपर्यंत ऐकून घेतंय, या एका गोष्टीवर तो त्या लोखंडी फलाटावर दिवस काढत होता. आपण काय गमावलं, ते तिला मघाच कळलं होतं. त्यानं काय गमावलं, ते आता कळलं.

"नाही," ती म्हणाली. "मला थांबावंच लागत नव्हतं. तुम्ही विचार करताय असं वाटायचं."

त्यानं तोंड वळवलं. दोरीवरचे बनियन हलत होते. लांबून वाऱ्याचा घुमणारा आवाज येत होता. आजवरच्या कॉलमध्ये तोही पुसलेला असणार.

"शोभा झाली तेवढी पुरे," मामा म्हणाले. फोन अजून त्यांच्याच हातात होता. "हा बोगदा बंद करतो. पहिल्यासारखं होऊ दे, मग शांतपणे बोलू." आणि त्यांनी बटण दाबलं.

चित्र क्षणभर काळं झालं आणि परत आलं. गंज नाहीसा झाला. लाकडी फळी आली, पुस्तकं आली. वाऱ्याचा आवाज बंद झाला. सन्मती स्वच्छ, गोरटेला, हसतमुख, किंचित मान कलती करून विचारात पडलेला. खोलीतल्या सगळ्यांचे खांदे आपोआप सैल झाले. सुनंदाबाईंनी डोळे पुसले. "हं," मामा म्हणाले, "आता कसं."

ऋजुता त्या विचारी चेहऱ्याकडं बघत होती. तो विचार करतच होता. किती वेळ करत होता. याच क्षणी, त्या पुस्तकांच्या मागं, पत्र्याच्या खोलीत एक माणूस कुठल्यातरी अक्षरावर अडकून घामाघूम झालेला होता, आणि यंत्र त्याच्यावर हे स्मित फासत होतं. त्यालाही आता तिचा गाल परत नितळ झालेला दिसत असणार.

"मामा, फोन द्या."

"अगं, बरं दिसतंय की आता."

"द्या म्हणते ना."

तिनं फोन हातातून ओढूनच घेतला आणि पासवर्ड टाकून बोगदा चालू केला. परत काळं, परत गंज, परत बनियन. तो खरोखरच अडकलेला होता. गाल ताणलेले, डोळे पाण्यानं भरलेले, ओठ मिटून फुगलेले.

"पु... पु... पु..."

'पुरे', असं मामांच्या ओठांनी आवाज न करता पूर्ण केलं. विमलाबाईंनीही तेच धरलं असावं. त्यांचं तोंड उघडलं. मग त्यांनी टीव्हीतून ऋजुताकडं बघितलं आणि ते मिटून घेतलं. ऋजुतालाही पुरेच वाटत होतं. वाटू दे. पुरे तर पुरे, पण ते त्याच्या तोंडून येऊ दे. तिनं फोन मांडीवर ठेवला, गाल झाकणारी ओढणी मागं सारली, आणि थांबली. या वेळी आपण थांबतोय हे माहीत असताना थांबली.

"पु... पुन्हा," सन्मती म्हणाला. त्यानं घाम पुसला. "पुन्हा प... पहिल्यापासून विचारतो."

आणि तो ताठ बसला, बघायला आलेला मुलगा बसतो तसा.

"ना... नाव काय तुमचं?"

सुनंदाबाईंचा हुंदका बाहेर पडला. ऋजुतानं तिकडं बघितलं नाही. आईशी बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं, पण ते नंतर.

"ऋजुता मगदूम," ती म्हणाली. "नॉर्वेच्या माशांचं काम बघते. आणि मला कोड आहे."

तो शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता. तोंडात तो काही वेगळा लागला नाही. सन्मती बघत होता, आणि आता त्याला दिसत होतं. हे पसंत पडणं नव्हतं. पसंत पडेल की नाही, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. चार महिन्यांची ओळख पुसली गेली होती आणि समोर एक अनोळखी माणूस बसला होता.

"तुमचं नाव?" तिनं विचारलं.

अडखळणाऱ्या माणसाला जगात सगळ्यात जड जातं ते स्वतःचं नाव. ते बदलून दुसरा शब्द वापरता येत नाही.

"स," तो म्हणाला. "स... स... स..."

नाव तिला ठाऊक होतं. मामांना, सुनंदाबाईंना ठाऊक होतं. निपाणीला बसलेल्या विमलाबाईंनी तर ते ठेवलेलंच होतं. कुणीही ते सांगितलं नाही.